आईचा व्हिसा, दुसऱ्यांदा

शाहपूर म्हटलं की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बेळगावचं शहापूर येणार, साड्यांच्या दुकानांचं. मी सांगते आहे ते शाहपूर वेगळं. ते मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, इंदूर-इच्छापूर रस्त्यावर आहे. महाराष्ट्राची हद्द तिथून काही मैलांवर. हे माझं माहेर. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडमधून बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा झाला, पण माणसं तीच राहिली. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. लग्न होऊन मी इकडे सीमाभागात आले तेव्हा म्हणूनच फारसं परकं वाटलं नाही. इथंही घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. एका भाषेत जगायचं आणि दुसऱ्या भाषेत अर्ज भरायचा, याची सवय मला लहानपणापासूनच होती.

पण आईच्या व्हिसाचा अर्ज भरताना ही सवय काही कामाला आली नाही. अर्ज भरताना कुणाचं तरी आयुष्य अर्धंच उतरतं, हे तेव्हा कळलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे, कारण आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून मुलं बाहेर आहेत आणि कितीतरी आई-वडिलांच्या हातात नकाराचा कागद आलेला आहे. तो कागद घरात कुणी बोलून दाखवत नाही, इतकंच.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. भावजय धारवाडची. दोघं पुण्याला शिकत असताना ओळख झाली, दोन्ही घरांनी मान्य केलं, आणि आमच्या आईला एक कन्नड विहीणबाई मिळाल्या. त्या आईला ‘बीगती’ म्हणतात, आई त्यांना ‘विहीणबाई’ म्हणते. दोघींचं फोनवरचं संभाषण अर्धं मराठी, अर्धं कन्नड आणि उरलेलं हसणं असं चालतं.

भावजयीला दिवस गेले. डिसेंबरातली तारीख होती. दोन्ही आयांनी पाळीपाळीनं जायचं असं ठरलं आणि दोघींचे अर्ज भरले गेले. विहीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांना पहिल्याच खेपेला व्हिसा मिळाला. आमच्या आईची मुलाखत नवरात्रात मुंबईला झाली आणि दोन-तीन मिनिटांत पासपोर्ट हातात परत आला. सोबत एक छापील कागद. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात, लगेच हातात दिला म्हणजे नकार. बाहेर उभ्या असलेल्या मला ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. भुसावळच्या अलीकडे एवढंच म्हणाली, “मी काय चोर आहे का बाई? नातवाला बघायला जाणाऱ्या बाईला कुणी नाही म्हणतं?”

घरी डिंकाच्या लाडवांचा डबा बांधून तयार होता. तो कुरिअरनं धारवाडला गेला आणि विहीणबाईंच्या सामानातून अमेरिकेला पोचला. लाडू पोचले, पण लाडू वळणारी नाही.

नकार म्हणजे काय?

आईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून तो कागद नीट वाचला आणि त्यामागचा कायदाही समजून घेतला. तो इथं सोप्या शब्दांत सांगते.

अमेरिकेत १९५२ चा स्थलांतर आणि नागरिकत्व कायदा आहे. त्यातलं २१४ (ब) हे कलम असं सांगतं की, पाहुणा म्हणून व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथं कायमचा राहायलाच येतो आहे, असं अधिकाऱ्यानं आधी गृहीत धरायचं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. आपल्याकडे आरोपी हा गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानला जातो, इथं उलट आहे. त्यामुळे नकार याचा अर्थ ‘तुम्ही खोटं बोललात’ असा नाही, की ‘तुम्ही वाईट माणूस आहात’ असाही नाही. ‘तुम्ही परत जाल हे आज माझ्या मनाला पटलं नाही’, इतकाच त्याचा अर्थ. हे आईला समजावून सांगितलं तेव्हा तिचा राग उतरला. “मग पटवायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. खरं तर तिथंच आमच्या दुसऱ्या अर्जाची सुरुवात झाली.

या निर्णयावर अपील नसतं. पण पुन्हा अर्ज करायला अमुक महिने थांबलंच पाहिजे असंही बंधन नाही. नवा डीएस-१६० फॉर्म, नवं शुल्क आणि नवी मुलाखत. १७ जून २०२३ पासून हे शुल्क १८५ डॉलर आहे. त्याआधी ते १६० होतं. नकार आला तरी ते परत मिळत नाही. म्हणजे कायद्यानं तुम्ही लगेच पुन्हा अर्ज करू शकता, पण तोच अर्ज, तीच उत्तरं घेऊन गेलात तर निकालही बहुधा तोच येतो. मध्ये काहीतरी बदललेलं हवं, नाहीतर आधी सांगायचं राहून गेलेलं काही आता सांगितलं पाहिजे.

आमचं काय चुकलं?

भावानं तिकडून खूप मेहनत घेतली होती. स्वतःचं पगारपत्रक, बँकेचा उतारा, घराचे कागद, आमंत्रणाचं लांबलचक पत्र. जाडजूड फाईल झाली होती. खिडकीवर ती कुणी उघडलीसुद्धा नाही.

आम्हाला नंतर कळलं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं हे स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. आमंत्रणाचं पत्र आवश्यक नाही, आणि तिकडच्या नातेवाइकांनी दिलेल्या हमीवर व्हिसा मिळत नाही. अर्जदाराचं स्वतःचं घर, स्वतःचे बंध आपल्या देशात किती घट्ट आहेत, ते पाहिलं जातं. आम्ही फाईलभर पुरावा गोळा केला तो भावाचा. आईचा त्यात एक कागद नव्हता.

फॉर्मवरच्या व्यवसायाच्या रकान्यात भावानं लिहिलं होतं ‘गृहिणी’. मुलाखतीत अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही काय करता? आई म्हणाली, “काही नाही. घरीच असते.” किती दिवस राहणार? “सहा महिने.” कारण तिकीट महाग, मग थोडक्यासाठी कशाला जायचं, असं आम्हीच तिला पढवलं होतं. कशासाठी जाता? “सुनेचं बाळंतपण.” बरं, ही उत्तरं इंग्रजीत. भावानं व्हिडिओ कॉलवर महिनाभर पाठ करून घेतलेली. मुंबईत मराठीत मुलाखत देता येते, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

आता त्या खिडकीपलीकडे बसून पाहा. एक विधवा बाई. काही करत नाही. मुलगा अमेरिकेत. सहा महिने राहणार म्हणते. आपण तरी काय समजलो असतो?

आणि खरं काय? बाबा गेल्यापासून आमची चार एकर केळी आई एकटी बघते. मृगबागेची लागण, ठिबकच्या नळ्या, खताचे हप्ते, मजूर, व्यापाऱ्याशी भाव ठरवणं, घड कापून गाडी भरेपर्यंत सगळं तिच्या हातात. पहाटे पाचला बागेत जाणारी बाई “काही नाही, घरीच असते” म्हणून सांगून आली. तिनं ते खोटं म्हणून सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बाईमाणूस असंच उत्तर देतं. आणि तिचा इंजिनिअर मुलगा आणि प्राध्यापक मुलगी, दोघांनी फॉर्मवर तेच लिहिलं. आम्हा दोघांचं शिक्षण ज्या केळीवर झालं, ती केळी आमच्या फॉर्ममध्ये कुठंच नव्हती.

सातारची बातमी

डिसेंबरात बाळ झालं. दोघंही सुखरूप. विहीणबाई तिथं होत्याच. भाऊ म्हणाला, “ताई, आता राहू दे. पुन्हा मुंबई, पुन्हा पैसे, पुन्हा तिला तो अपमान नको.” मलाही तसंच वाटलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक बातमी आली. सातारा जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियात शिकत होती. १४ फेब्रुवारीला तिला गाडीनं धडक दिली आणि ती कोमात गेली. वडिलांना तातडीनं जायचं होतं, पण व्हिसाच्या मुलाखतीची वेळच मिळेना. खासदार सुप्रिया सुळे यांनी परराष्ट्र खात्याकडे विषय नेला, वर्तमानपत्रांनी लावून धरला, आणि २८ फेब्रुवारीला मुलाखत होऊन व्हिसा मिळाला. मधले दोन आठवडे त्या घराचे कसे गेले असतील, याची कल्पना करवत नाही.

आईनं ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि रात्री मला फोन केला. “नातू झाला, ठीक आहे. पण उद्या पोराला तिकडं काही झालं तर मी इथं बसून काय करू? मला पुन्हा अर्ज करायचाय. या वेळी मी माझ्या तोंडानं बोलेन.”

मुलं बाहेर असलेल्या घरात आई-वडिलांचा व्हिसा ही हौस राहत नाही. तारीख मिळायला किती काळ लागेल याचाही भरवसा नसतो. कोविडनंतर २०२२ मध्ये भारतातल्या काही केंद्रांवर पाहुण्यांच्या व्हिसाची पहिली मुलाखत मिळायला दोन वर्षांहून अधिक प्रतीक्षा दाखवली जात होती. गरज पडेल तेव्हा पाहू, असं म्हणून भागत नाही.

दुसरा अर्ज

गावात सल्ला देणाऱ्यांची कमी नसते. एका एजंटानं सांगितलं, आधी दुबई-सिंगापूर फिरून या, पासपोर्टवर शिक्के दिसले की काम होतं. प्रवासाचा अनुभव असणं वाईट नाही, पण असा काही नियम नाही. त्याच एजंटानं आणखी एक सांगितलं, पूर्वी व्हिसा नाकारला होता का, या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहा. हे मात्र कधीही करू नये. नकाराची नोंद त्यांच्याकडे असतेच. साधा नकार पुढच्या अर्जात धुऊन निघू शकतो, पण खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर दार कायमचं बंद होऊ शकतं. आम्ही ‘हो’ लिहिलं.

मग कागद. बाबांच्या पश्चात जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. ‘करू कधीतरी’ म्हणून राहिलेलं ते नामांतरण आईनं तहसिलीत खेटे घालून करून घेतलं. महाराष्ट्रात आपण फेरफार म्हणतो, इकडे वारसा लावणं म्हणतो, तेच ते. आपल्याकडची पहाणी, पलीकडचा सातबारा, तसा तिथला खसरा-खतौनी. त्यावर आता आईचं नाव आलं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे आपल्या शेतकरी आयांकडे रिटर्न भरल्याचा कागद नसतो, आणि नोकरदारांसाठी सांगितलेली कागदांची यादी पाहून त्या घाबरतात. केळीच्या विक्रीच्या पावत्या, बँकेच्या पासबुकात जमा झालेले पैसे, जमिनीचा उतारा हे त्यांचे पुरावे. अधिकारी ते मागेलच असं नाही. बहुतेक वेळा फॉर्म आणि तोंडची उत्तरं यांवरच निर्णय होतो. पण कागद जमवता जमवता आईला स्वतःबद्दल बोलायची सवय झाली, हा फायदा मोठा.

व्यवसायाच्या रकान्यात या वेळी ‘शेतकरी’ लिहिलं. कामाचं वर्णन मी आईलाच विचारत गेले आणि ती सांगत गेली. एका संध्याकाळी दोन तास. किती खोडं, किती पाणी, करपा आला तर काय करते, उन्हाळी वादळाच्या आधी कुठल्या घडांना टेकू देते. घरातली थोरली मुलगी असून त्यातलं निम्मं मला पहिल्यांदा कळत होतं.

कारणही नेमकं ठरवलं, नातवाचा पहिला वाढदिवस. मुक्काम तीन महिन्यांच्या आत. नातवंडांना भेटायला जाणं हा पाहुण्याच्या व्हिसाचा सरळ हेतू आहे. पण सहा महिने बाळ सांभाळायला आई हवी, असं चित्र उभं राहिलं की अधिकाऱ्याच्या मनात शंका येणं साहजिक. शिवाय इथं आपणही स्वतःला विचारावं. आई पाहुणी म्हणून येते आहे, की पाळणाघराचे पैसे वाचवायला? भावाशी यावरून माझं थोडं वाजलंही. शेवटी तोच म्हणाला, “ताई, तिची बाग किती दिवस थांबेल ते तिलाच विचार. तेवढेच दिवस लिही.”

पावसाळा सरता सरता मुंबईला दुसरी मुलाखत झाली. आधी बोटांचे ठसे, मग वकिलात. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून मी बाहेर फूटपाथवर दोन फोन घेऊन उभी. या वेळी आई मराठीत बोलली. तिनं नंतर सांगितलं ते असं:

“काय करता विचारलं. म्हटलं, केळी लावते. किती विचारलं. म्हटलं, सहा हजार खोडं. मुलगा नसताना कोण बघतं विचारलं. म्हटलं, मुलगा असतानाही मीच बघत होते. मागच्या वेळी का नाही म्हणाले विचारलं. म्हटलं, मागच्या वेळी मी नीट सांगितलं नव्हतं. कधी परत येणार? म्हटलं, महाशिवरात्रीच्या आत. उन्हाळ्यात वारं सुटायच्या आधी मी बागेत पाहिजे.”

पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला.

व्हिसा याच उत्तरांमुळे मिळाला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अधिकारी बदलतो, दिवस बदलतो. माझ्या ओळखीत असंही घर आहे की सगळं खरं आणि नीट सांगूनही दोनदा नकार आला. हमी देता येत नाही. पण दुसऱ्या वेळी नकार आला असता, तरी आई पहिल्यासारखी खचली नसती, हे मी खात्रीनं सांगते. कारण त्या वेळी ती स्वतःबद्दल खरं बोलून आली होती.

आपल्या वाचकांसाठी थोडं

मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा अमेरिकेच्या मुंबई वकिलातीच्या हद्दीत येतात, कर्नाटक चेन्नईच्या. बंगळूरच्या वकिलातीचं १७ जानेवारी २०२५ रोजी उद्घाटन झालं, मात्र व्हिसाचं काम तिथं त्या वेळी सुरू झालं नव्हतं. अर्ज करताना केंद्र आणि मुलाखतीची भाषा दोन्ही आधी पाहून घ्यावीत. आईला ज्या भाषेत न अडखळता बोलता येतं, ती निवडावी. मराठी की कन्नड की हिंदी, यात कमीपणा काही नाही. पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा घरच्या भाषेतलं साधं उत्तर बरं.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांना पूर्वी नकारावर पूर्ण अपील करता येई. २५ जून २०१३ पासून तो हक्क गेला, त्यामुळे नकारपत्रातली कारणं एकेक वाचून नवा अर्ज करावा लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांत नकाराची कारणं छापील नमुन्यात लिहून देतात आणि अपिलाचा हक्क असतो. कॅनडानं डिसेंबर २०११ मध्ये आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी मात्र मुलाचं ठरावीक उत्पन्न, आमंत्रणाचं पत्र आणि आरोग्य विमा लागतो. म्हणजे अमेरिकेत ज्या पत्राची गरज नाही, ते कॅनडाला लागतं. शेजाऱ्याची फाईल बघून आपली फाईल करू नये, ती याचसाठी.

एक आणखी. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे तिथं दहा वर्षं राहता येतं असं नव्हे. विमानतळावरचा अधिकारी मुक्कामाची मुदत ठरवतो. ती पाळली, तर पुढच्या वेळचा भक्कम पुरावा आपोआप तयार होतो.

आई दिवाळीनंतर गेली. नातवाचा वाढदिवस केला, वरण-बट्टी खाऊ घातली, बर्फ पाहिला. धारवाडच्या विहीणबाई तोवर परतल्या होत्या. त्या रोज व्हिडिओ कॉलवर असायच्या. बाळाला दोघींसाठी हाक एकच जमली. ती ‘आजी’ आहे की ‘अज्जी’, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. महाशिवरात्रीच्या आत आई शाहपूरला परत आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत होती.

पुन्हा अर्ज करायची वेळ आपल्या घरात आली, तर संगणक उघडण्याआधी आईला किंवा बाबांना जवळ बसवा. तुम्ही दिवसभर काय करता, असं विचारा. आणि “काही नाही” हे उत्तर लिहून घेऊ नका. पुन्हा विचारा.